ॲनालॉग सिंथेसायझरवर थेट वादन: एका रचनेतून दुसऱ्या रचनेत कसे जावे?

खर्ज (धागाकर्ता)

ॲनालॉग यंत्रांवर, म्हणजे विजेच्या सर्किटांतून आवाज घडवणाऱ्या वाद्यांवर, थेट वादन करू पाहणाऱ्या प्रत्येकाला एक अडचण लवकरच भेटते, आणि तिच्याविषयी स्वतंत्र चर्चा फारशी होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. पहिली रचना जमते. बेसलाइन (खालच्या सुरांची ओळ) चालू असते, किक आणि हाय-हॅट (ड्रमचे ठोके) बसलेले असतात, फिल्टरचा कटऑफ (ज्याच्यावरचे सूर फिल्टर कापतो ती मर्यादा) हळूहळू उघडत जातो आणि सहा-सात मिनिटे उत्तम जातात. त्यानंतर दुसरी रचना घ्यायची असते, आणि तिच्यासाठी त्याच सिंथमधून सर्वस्वी वेगळा आवाज निघायला हवा असतो. ज्या यंत्राला स्मृती नाही त्याच्यावर हा बदल करायचा म्हणजे पंधरा-वीस नॉब योग्य जागी नेऊन ठेवायचे, तेही संगीत थांबू न देता, श्रोत्यांच्या समोर आणि बहुधा अंधारात.

ही अडचण या वाद्यांच्या जन्मापासूनची आहे. रॉबर्ट मूग यांच्या मॉड्युलर (सुटे भाग केबलींनी जोडलेल्या) सिंथेसायझरचे जाहीर वादन १९६९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत झाले, तेव्हाच आधी ठरवलेले आवाज चटकन निवडता यावेत म्हणून वेगळी सोय करावी लागली होती. १९७० च्या मिनीमूगने पॅच केबलींचे जंजाळ आत नेले आणि वाद्य मंचावर नेण्याजोगे केले, पण नॉब हातानेच फिरवावे लागत. १९७८ मध्ये आलेल्या प्रॉफेट-५ ने मायक्रोप्रोसेसरच्या आधारे नॉबांच्या जागा साठवून ठेवण्याची सोय दिली आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. तो पुरता सुटला नाही, कारण स्मृतीतून दुसरा आवाज उघडला की वाद्यातला कटऑफ एका ठिकाणी असतो आणि समोरचा नॉब दुसऱ्याच ठिकाणी. त्या नॉबला हात लावताच आवाज एकदम उडी मारतो. काही वाद्ये ही उडी टाळण्यासाठी नॉब साठवलेल्या जागेवरून जाईपर्यंत त्याची दखलच घेत नाहीत, आणि मग आपण फिरवत राहतो व काहीच घडत नाही. मंचावर या दोन्ही गोष्टी सारख्याच त्रासदायक असतात.

माझे मत असे आहे की, दोन रचना एकमेकींपासून दूरच्या आवाजांत बांधून मग त्यांच्यामधली वाट शोधत बसण्यापेक्षा, पहिल्या आवाजापासून चार-पाच नॉबांच्या अंतरावर असलेले आवाजच पुढच्या रचनेसाठी निवडावेत. उदाहरणार्थ, करवती तरंग, खाली ठेवलेला कटऑफ, मध्यम रेझोनन्स (कटऑफजवळच्या सुरांचा उठाव) आणि आखूड डिके (स्वर उतरण्याचा वेळ) असलेला बेस घ्या. त्याचा सस्टेन (स्वर धरून ठेवण्याची पातळी) आणि रिलीज (स्वर सोडल्यावर विरण्याचा वेळ) वाढवले, एन्व्हलपचा (स्वराचा चढ-उतार ठरवणाऱ्या भागाचा) फिल्टरवरचा अंमल शून्यावर आणला आणि ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारा भाग) एक सप्तक वर नेला, की तोच बेस लांबणारा, स्थिर स्वर होतो. ही वाट ऐकायलाही चांगली लागते, कारण श्रोत्याला एका वस्तूतून दुसरी वस्तू घडताना ऐकू येते. याउलट त्याच बेसपासून धातूच्या घंटेसारख्या आवाजाकडे जायचे तर ऑसिलेटर सिंक, दुसऱ्या ऑसिलेटरचा स्वर, मॉड्युलेशनची मात्रा, दोन्ही एन्व्हलप असे सगळे बदलावे लागते आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी बेसूर निघत राहते. असा आवाज कितीही आवडला तरी मी तो या रचनेच्या शेजारी ठेवणार नाही.

माझ्याकडे स्मृती नसलेला एकस्वरी सिंथ, स्मृती असलेला चार स्वरांचा सिंथ, ड्रम मशीन, एक सिक्वेन्सर (स्वरांच्या ओळी पायरी-पायरीने वाजवणारे यंत्र), डिले (प्रतिध्वनी देणारे यंत्र) आणि आठ चॅनेलचा मिक्सर आहे. चाळीस मिनिटांचे अखंड वादन बांधायचे आहे. आपण सर्व ही संक्रमणे कशी हाताळता?

तिसरा_ऑसिलेटर

विषय उत्तम काढला आहे, पण निम्म्या मुद्द्याशी मी सहमत नाही. प्रत्येक बदल श्रोत्यांना ऐकू येत असतानाच व्हावा, हा आग्रह कशासाठी? मिक्सर मध्ये आहेच. ज्या सिंथचा आवाज बदलायचा आहे त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली आणावा, हेडफोन लावून त्या चॅनेलचे फेडरच्या आधीचे ऐकणे चालू करावे, निवांतपणे नवा आवाज तयार करावा आणि मग फेडर वर न्यावा. घंटेचा आवाजही अशाने सहज साधतो. तेवढा वेळ दुसरे काहीतरी उभे राहू शकेल एवढीच अट आहे.

ते दुसरे काहीतरी म्हणून डिले फार उपयोगी पडतो. बेसच्या शेवटच्या एक-दोन फेऱ्या डिलेकडे जास्त पाठवाव्यात, फीडबॅक वाढवून प्रतिध्वनी जवळजवळ न विरणारा करावा आणि मगच बेसचा फेडर काढावा. मूळ वाद्य गप्प झालेले असते, पण त्याची सावली अर्धा मिनिट रेंगाळते. यासाठी डिलेचा आवाज मिक्सरच्या परतीच्या वाटेवर न घेता एका स्वतंत्र चॅनेलवर घ्यावा, म्हणजे त्याला इक्वलायझर मिळतो आणि खालचे सूर कापता येतात. तो चॅनेल स्वतःच्याच डिलेकडे थोडासा पाठवला तर फीडबॅकचा नॉबच जणू मिक्सरवर येतो. मात्र परत येणारा आवाज गेलेल्या आवाजापेक्षा मोठा झाला की तो दर फेरीत वाढतच जातो आणि काही सेकंदांत सगळे गिळून टाकतो. त्यामुळे हा प्रकार चालू असताना एक हात त्या फेडरवर असावाच.

माझ्या दृष्टीने थेट वादनातले मुख्य वाद्य मिक्सर हे आहे. सिंथ त्याला कच्चा माल पुरवतात.

माऊसधारी

कोणालाही दुखावण्याचा हेतू नाही, पण एक साधा प्रश्न विचारतो. हे सर्व लॅपटॉपवर होते. तिथे आवाज साठवलेले असतात, दुसरी रचना एका कळीने उघडते, नॉब हवे असतील तर ते असलेला कंट्रोलर जोडता येतो. समोर बसलेल्या श्रोत्याला फिल्टर ट्रान्झिस्टरचा आहे की गणिती सूत्राचा, हे बहुतेक वेळा ओळखू येत नाही. मग स्वतःहून अडचणी ओढवून घेण्यात संगीताचा फायदा काय?

खर्ज

श्रोत्याला ओळखू येत नाही, हे मान्यच आहे. आजची सॉफ्टवेअर इतकी चांगली आहेत की केवळ आवाजाच्या गोडव्यावर हा वाद लढवण्यात अर्थ नाही. माझे कारण हाताशी निगडित आहे. ज्या वाद्यावर प्रत्येक कामाला एक नॉब आहे आणि प्रत्येक नॉबला एकच काम आहे, तिथे काही महिन्यांनी डोळे लागत नाहीत, आणि दोन हात दोन वाद्यांवर एकाच वेळी वेगवेगळे काम करू शकतात. कंट्रोलरवरच्या नॉबाचे काम मात्र रचनेगणिक बदलते, त्यामुळे हाताची सवय पुरती मुरत नाही. दुसरे असे की साध्या मिडी (वाद्ये एकमेकांना जोडण्याची डिजिटल पद्धत) संदेशात नॉबाच्या १२८ च पायऱ्या मावतात आणि रेझोनन्स चढवून कटऑफ सावकाश फिरवला तर त्या पायऱ्या ऐकू येतात. यावर उपाय आहेत. अधिक बारीक पायऱ्यांचे संदेश आहेत, आणि पायऱ्या गुळगुळीत करून घेणारी सॉफ्टवेअरही आहेत. तेव्हा हा मुद्दा मी निर्णायक म्हणून मांडत नाही. पहिला मात्र माझ्यासाठी निर्णायक आहे.

तिसरा_ऑसिलेटर यांच्या पद्धतीबद्दल: हेडफोनमध्ये आवाज बांधत असताना सभागृहात काय चालले आहे याकडे कान राहत नाही. एक-दोनदा चालेल. प्रत्येक संक्रमणात तेच केले तर वादक सतत पुढच्या रचनेत असतो आणि चालू रचना एकटी पडते. श्रोत्यांना कारण कळत नाही, पण गाडी आपोआप चालली आहे एवढे जाणवते.

धूसर

थोडे विषयांतर वाटेल, पण संक्रमणाशी संबंध आहे. माझा जुना एकस्वरी सिंथ घरी व्यवस्थित सुरात असतो. मंचावर दिव्यांखाली तासाभरात तो चढतो किंवा उतरतो, आणि नेमके वर सांगितल्याप्रमाणे सप्तक बदलले की चूक उघड होते. खालच्या सप्तकात सुरात असलेला स्वर वर नेल्यावर चुकतो, असे का व्हावे? सगळेच स्वर सारखे चुकले असते तर मुख्य ट्यूनिंगच्या नॉबाने भागले असते.

सोल्डरचा_धूर

धूसर यांनी नेमके निरीक्षण केले आहे, आणि त्याचे उत्तर ऑसिलेटरच्या पोटात आहे.

बहुतेक ॲनालॉग सिंथमध्ये स्वर ठरवणारा व्होल्टेज एका सप्तकाला एक व्होल्ट या प्रमाणात असतो. म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधले अंतर व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ८३.३ मिलिव्होल्ट. पण कानाला सप्तक जाणवते ते कंपनसंख्या दुप्पट झाल्यावर. तेव्हा एकेक व्होल्टच्या समान पायऱ्यांचे रूपांतर दुप्पट, चौपट, आठपट अशा वाढीत करणारे सर्किट लागते. हे काम ट्रान्झिस्टर करतो, कारण त्याच्या बेस आणि एमिटरमधला व्होल्टेज थोडासा वाढला की प्रवाह घातांकी प्रमाणात वाढतो. अडचण अशी की हे प्रमाण निरपेक्ष तापमानावर अवलंबून असते आणि खोलीच्या तापमानाजवळ एका अंशाला सुमारे ०.३३ टक्के सरकते. याशिवाय ट्रान्झिस्टरचा स्वतःचा एक गळतीचा प्रवाह असतो, आणि तो तापमानाने याहून कितीतरी जास्त बदलतो. दुसऱ्या दोषावर एकसारख्या दोन ट्रान्झिस्टरांची जोडी चिकटवून बसवणे हा उपाय आहे. एकाचा दोष दुसऱ्याने रद्द होतो. पहिल्यावर उपाय म्हणून तापमानाबरोबर तेवढ्याच प्रमाणात वाढणारा, अंशाला सुमारे ३,३०० पीपीएमचा (दशलक्षात ३,३०० भाग) रेझिस्टर वापरतात आणि तो त्याच जोडीला टेकवून ठेवतात.

ही भरपाई अजिबात नसेल तर काय होईल, त्याचा हिशेब पाहा. एक सप्तक म्हणजे १,२०० सेंट (सुरांमधले अंतर मोजण्याचे एकक). त्याचे ०.३३ टक्के म्हणजे अंशाला सुमारे ४ सेंट. तीन सप्तकांच्या अंतरावर तीच चूक १२ सेंट होते, आणि तापमान पाच अंशांनी चढले तर ६० सेंट, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराच्या निम्म्याहूनही जास्त. भरपाई असलेल्या वाद्यात यातला थोडासाच भाग उरतो, पण त्याचे रूप तेच राहते: ज्या स्वरावर तुम्ही वाद्य जुळवले त्यापासून जितके दूर जाल तितकी चूक मोठी. म्हणून मुख्य ट्यूनिंगच्या नॉबाने ती निघत नाही. तो नॉब सगळ्यांना सारखे सरकवतो, आणि इथे पट्टीच ताणली गेलेली असते.

यातून काही गोष्टी ओघानेच येतात. वाद्य वादनाच्या अर्धा तास आधी चालू करावे आणि साउंड चेकनंतर बंद करू नये, मंच मोकळा करण्याची कितीही घाई असली तरी. जुळवणी बेसलाइनच्या मधल्या स्वरावर करावी, म्हणजे चूक दोन्ही बाजूंना वाटली जाते. एकस्वरी सिंथचे स्वर शक्यतो दीड सप्तकात ठेवावेत. उंच सप्तक हवे असेल आणि वाद्याला ऑसिलेटरचे सप्तक बदलणारे बटण असेल, तर ते बटण नेहमीच बिनचूक असते असे समजू नये, कारण अनेक वाद्यांत तेही त्याच घातांकी सर्किटात एक व्होल्ट मिसळते.

ज्यांना ही कटकट नको त्यांच्यासाठी डिजिटल घड्याळावर चालणारे ऑसिलेटर आहेत. रोलंड कंपनीच्या ज्युनो-६० आणि ज्युनो-१०६ मध्ये कंपनसंख्या डिजिटल घड्याळ ठरवते, पण तरंग आणि फिल्टर ॲनालॉगच असतात. ती वाद्ये सुरातून सरकत नाहीत. अनेक नवी वाद्ये चालू होताना स्वतःला जुळवून घेतात आणि मागितल्यास मधेही जुळवतात, पण तेवढे काही सेकंद ती वाजत नाहीत, हे संक्रमण बांधताना ध्यानात असावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, सरकणारे सूर दरवेळी वाईट नसतात. दोन ऑसिलेटर अगदी थोडे वेगळे ठेवले की त्यांच्यात जो संथ डोल येतो, तो या अस्थिरतेमुळे कधीच तंतोतंत सारखा राहत नाही. एकस्वरी बेसमध्ये हा गुण आहे. दुसऱ्या वाद्याच्या जुळलेल्या स्वरमेळावर तोच बेस ठेवला की मात्र तो दोष होतो. खर्ज यांच्या मांडणीत चार स्वरांचा सिंथ स्वतःला जुळवून घेणारा असेल तर त्यालाच प्रमाण मानावे आणि एकस्वरी सिंथ त्याच्याशी कानाने जुळवत राहावे.

धूसर

पट्टी ताणली जाते, हे आजवर कोणी सांगितले नव्हते. मी प्रत्येक वेळी मुख्य नॉबाशीच झगडत होतो. आभारी आहे.

चोविसावा_ठोका

सुरांइतकाच गंभीर प्रश्न लयीचा आहे, आणि संक्रमणात तोच जास्त नडतो, कारण एक यंत्र थांबवून पुन्हा सुरू करायचे म्हटले की ते बाकीच्यांशी सम गाठते की नाही, हे क्लॉकवर, म्हणजे सर्व यंत्रांना लय देणाऱ्या संकेतावर, ठरते.

मिडी क्लॉक एका ठोक्याला २४ टिक पाठवते. १२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ ठोके) एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा, सोळावा भाग (चार ठोक्यांच्या आवर्तनाचा, म्हणजेच सिक्वेन्सरची एक पायरी) १२० मिलिसेकंदांचा आणि एक टिक २० मिलिसेकंदांचा होतो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिटचा आहे. एका स्वराचा संदेश तीन बाइटचा असतो आणि त्याला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. याचा अर्थ एकाच केबलवरून चार स्वरांचा स्वरमेळ पाठवला तर शेवटचा स्वर पहिल्यापेक्षा तीनेक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. क्लॉकचा संदेश मात्र एकाच बाइटचा असतो आणि त्याला इतर संदेशांच्या मध्ये घुसण्याची मुभा आहे, म्हणून केबल भरलेली असली तरी क्लॉक फारसे अडत नाही. लय लटपटताना दिसली तर दोष बहुधा क्लॉक निर्माण करणाऱ्या यंत्राचा असतो. इतर दहा कामांत गुंतलेला संगणक प्रमुख असेल तर टिक पुढेमागे पडतात. ड्रम मशीन किंवा स्वतंत्र सिक्वेन्सर प्रमुख ठेवून संगणकाला, असलाच तर, त्याच्या मागे चालवावे.

मिडी १९८३ मध्ये आले. त्याआधीच्या रोलंड यंत्रांवर, म्हणजे टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बेस सिंथ यांवर, डिन सिंक नावाची वेगळी पद्धत आहे. तिचा प्लग मिडीसारखाच पाच पिनांचा दिसतो, पण आतून वाहते ती निराळी गोष्ट: एका तारेवर ठोक्याला २४ स्पंद आणि दुसऱ्या तारेवर चालू-बंदचा व्होल्टेज. मिडीची केबल थेट लावून काहीही होत नाही. मध्ये रूपांतरक लागतो. टीआर-९०९ वर दोन्ही सोयी आहेत, म्हणून जुन्या-नव्या यंत्रांच्या मध्ये बसवायला ते सोयीचे ठरते. कॉर्गच्या व्होल्का मालिकेसारखी छोटी यंत्रे ३.५ मिलिमीटरच्या केबलवरून ठोक्याला दोनच स्पंद घेतात. अशा केबलवर सुरू होण्याची वेगळी खूण नसल्यामुळे स्पंद आला की यंत्र पुढे सरकते, आणि पहिली पायरी समेवर आली आहे की नाही ते आपल्यालाच पाहावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तिसरा_ऑसिलेटर म्हणतात त्याप्रमाणे हात मोकळे होण्यासाठी काहीतरी उभे राहायला हवे. डिलेची सावली चांगली आहे, पण ती विरते. मी त्याऐवजी असमान लांबीच्या आवर्तनांवर भिस्त ठेवतो. ड्रम १६ पायऱ्यांचे असतील आणि बेसलाइन ५ पायऱ्यांची, तर दोघे पुन्हा एकत्र सुरू होतात ते ८० पायऱ्यांनी, म्हणजे ड्रमच्या पाच आवर्तनांनी. त्यात ७ पायऱ्यांची तिसरी ओळ मिसळली तर पूर्ण चक्र ५६० पायऱ्यांचे होते. १२५ बीपीएमला ते ६७ सेकंद चालते. तेवढ्या वेळात एकही नॉब न फिरवता श्रोत्याला सतत नव्या जोड्या ऐकू येतात, आणि वादकाला तिसऱ्या वाद्याकडे पाहायला मिनिटभर मिळते. खर्ज यांची तक्रार होती की गाडी आपोआप चालल्यासारखी वाटते. इथे ती आपोआपच चालते, पण कुठेतरी चाललेली असते.

पायऱ्यांची संख्या प्रत्येक ओळीला स्वतंत्रपणे ठरवता येते का, हे सिक्वेन्सर घेताना सर्वांत आधी पाहावे. कित्येक चांगल्या यंत्रांत सगळ्या ओळींना एकच लांबी असते.

माऊसधारी

वाचतो आहे. सुरुवातीच्या प्रश्नावर मी ठाम आहे, तरी असमान आवर्तनांची युक्ती सॉफ्टवेअरमध्येही तितकीच लागू पडेल, म्हणून टिपून घेतली. एक शंका आहे. मला लॅपटॉप सोडायचा नाही, पण एक ॲनालॉग सिंथ सोबत घ्यायचा आहे. यूएसबीने जोडल्यावर स्पीकरमधून बारीक किणकिण येते, आणि पडद्यावर काही हलले की ती बदलते. सिंथ बिघडला आहे का?

पडद्यामागचा

मी वादक नाही. मिक्सरच्या दुसऱ्या बाजूला, सभागृहात बसतो. या किणकिणीशी माझी जुनी ओळख आहे.

सिंथ ठीक आहे. लॅपटॉपचा वीजपुरवठा, यूएसबी केबल, सिंथ, ऑडिओ केबल आणि मिक्सर यांच्या अर्थिंगचे एक बंद वर्तुळ तयार झाले आहे आणि लॅपटॉपच्या आतला गोंगाट त्यातून फिरतो आहे. खात्री करायची असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. बहुधा आवाज कमी होईल. यावरचा चांगला उपाय म्हणजे यूएसबीऐवजी पाच पिनांची जुनी मिडी केबल. मिडीच्या मूळ मानकातच घेणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी प्रकाशाच्या साह्याने संदेश पुढे देणारा ऑप्टोकपलर बसवलेला असतो, म्हणून दोन यंत्रांचे अर्थिंग विजेने जोडले जात नाही. चाळीस वर्षांपूर्वीची ही दूरदृष्टी यूएसबीच्या सोयीत हरवली, असे माझे मत आहे. ते जमत नसेल तर ऑडिओच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये बसणारा जोडक) लावावा. मात्र प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा मार्ग कोणीही सुचवला तरी तो कदापि स्वीकारू नये. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे.

थेट वादनाबद्दल माझ्या बाजूने तीन विनंत्या. मॉड्युलर वाजवणाऱ्यांनी आपला आवाज बाहेर देताना उतरवून द्यावा. युरोरॅकमध्ये (मॉड्युलर वाद्यांच्या एका प्रचलित प्रकारात) ऑडिओ साधारण १० व्होल्टच्या शिखर-ते-शिखर पातळीवर फिरतो. घरगुती लाइन पातळीपेक्षा तो सुमारे २० डेसिबलने मोठा असतो. तो सरळ माझ्या मिक्सरला दिला तर पहिल्याच टप्प्यात फाटतो आणि पुढे काहीही करून सावरत नाही. दुसरे, खालचे सूर मोनो ठेवावेत. स्टिरिओ कोरस लावलेला बेस हेडफोनमध्ये भव्य वाटतो, पण सबवूफरकडे जाताना दोन्ही बाजू एकत्र होतात आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. तिसरे, रेझोनन्स पूर्ण चढवून फिल्टरलाच गायला लावणारे बरेच आहेत. त्या अवस्थेत फिल्टर जवळपास शुद्ध साइन तरंग देतो आणि घरच्या छोट्या स्पीकरवर त्याची तीव्रता कळत नाही. मोठ्या यंत्रणेवर दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा असा स्वर कानाला खरोखर इजा करू शकतो. साउंड चेकला तो एकदा वाजवून दाखवावा, म्हणजे मला लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर रोखणारे यंत्र) योग्य जागी ठेवता येतो. सौम्य भागच वाजवून साउंड चेक उरकणारे वादक आम्हाला नकोसे असतात, हे जरा स्पष्टच लिहितो.

आणि शक्य असेल तर किक स्वतंत्र वाहिनीवर द्यावी. तुमचा मिक्सर तुमचे वाद्य असेल, त्यावर माझा हक्क नाही. पण सगळे दोन वाहिन्यांतच आले तर सभागृहात किक कमी पडली तरी मी ती एकटी उचलू शकत नाही.

खर्ज

सर्वांच्या प्रतिसादांवरून मांडणी बरीच बदलली आहे. ती इथे लिहून ठेवतो, म्हणजे त्यातल्या उणिवा दाखवणे सोपे जाईल.

ड्रम मशीन प्रमुख क्लॉक देईल. सिक्वेन्सर त्याच्या मागे, आणि दोन्ही सिंथ सिक्वेन्सरवर, प्रत्येकाला वेगळी केबल. चार रचना ठरवल्या आहेत. एकस्वरी सिंथवर पहिल्या तीन रचनांचे आवाज एकाच कुळातले आहेत. तरंग आणि ऑसिलेटरांमधले अंतर कायम राहते. बदलतात ते कटऑफ, एन्व्हलपचा अंमल, डिके आणि सस्टेन, एवढेच. या चार नॉबांच्या कडेला तीन रंगांच्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले आहेत. सप्तक बदलण्याची कल्पना सोडून दिली, कारण सोल्डरचा_धूर यांचा हिशेब वाचल्यावर मी तपासले तेव्हा वरच्या सप्तकात माझे वाद्य खरोखरच सरकते. उंच स्वर आता चार स्वरांच्या सिंथकडे गेले.

तिसऱ्या आणि चौथ्या रचनेच्या मध्ये एकच मोठी उडी ठेवली आहे, आणि तिथे तिसरा_ऑसिलेटर यांचा मार्ग घेतला आहे. चार स्वरांचा सिंथ ५ आणि ७ पायऱ्यांच्या दोन ओळी वाजवत राहील, ड्रममधून किक काढलेली असेल, आणि त्या मिनिटात मी हेडफोन लावून एकस्वरी सिंथ पूर्ण बदलेन. दोन ओळी एकाच वाद्यावर असल्यामुळे कधी कधी चारही स्वर व्यापले जाऊन आधीचा स्वर तुटतो, म्हणून त्या भागापुरता रिलीज आखूड ठेवला आहे.

सिंथच्या स्मृतीतून एकही आवाज मधे उघडायचा नाही, असेही ठरवले आहे. एकच आवाज सुरुवातीला उघडायचा आणि तिथून पुढे हातानेच जायचे, म्हणजे नॉब आणि आवाज यांची फारकत होत नाही. सरावाचे ध्वनिमुद्रण प्रत्येक चॅनेल वेगळा घेऊन करतो आहे. दोन वाहिन्यांच्या मुद्रणातून काहीतरी गढूळ झाले एवढेच कळते. वेगळे चॅनेल असले तर बेसचा डिके किकच्या अंगावर येत होता, हे दाखवता येते.

एक प्रश्न उरतो. पडद्यामागचा यांच्या म्हणण्याप्रमाणे किक वेगळी द्यायची, तर ती माझ्या मिक्सरवर येणार नाही आणि मला ती काढता-घालता येणार नाही.

तिसरा_ऑसिलेटर

किक मिक्सरमधूनच न्यावी, पण त्या चॅनेलच्या थेट आउटपुटवरून, ते फेडरनंतरचे असेल तर. काही मिक्सरांवर थेट आउटपुट फेडरच्या आधीचे असते. तसे असेल तर एक ऑग्झिलरी (मिक्सरमधून आवाज बाहेर पाठवण्याची जादा वाट) फेडरनंतरची करून तिच्यावर किक एकटीच पाठवावी आणि मुख्य वाहिन्यांमधून तिला काढावे. फेडर तुमच्या हातात राहतो आणि सभागृहात ती वेगळी पोहोचते. यात डिलेसाठीची ऑग्झिलरी खर्ची पडणार नाही ना, ते आधी मोजून घ्यावे. लहान मिक्सरवर बऱ्याचदा दोनच असतात, आणि त्यांतली एक फेडरच्या आधीची असते.

चिकटपट्टीबद्दल एक सूचना: रंग मंचावरच्या लाल किंवा निळ्या प्रकाशात ओळखू येत नाहीत. तुकड्यांची लांबी वेगवेगळी ठेवावी.

खर्ज

दोनच आहेत, आणि तुम्ही म्हणता तशीच एक फेडरच्या आधीची आहे. थेट आउटपुट तपासले; ते फेडरनंतरचे आहे. किक तिथून जाईल, फक्त तिला मुख्य वाहिन्यांमधून काढता येते का, तेवढे पाहायचे राहिले. चिकटपट्टी बदलतो आहे.